संत्र्याची साल

‘‘हो,’’ असे ती म्हणाली खरी. पण ते ‘हो’ यायला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याहून किंचित अधिक लागला, आणि लोकांच्या उत्तरांतला उशीर टिपण्यावर ज्याचे पोट चालत होते त्या माणसाच्या ध्यानातून तो निसटणे शक्य नव्हते. वाढदिवसाची सकाळ होती. तो दाराजवळच्या खुर्चीत बूट घालत बसला होता, एक पाय बुटात आणि दुसरा नुसत्या मोज्यात. आणि तिने पाठीमागे धरलेला हात पुढे करून त्याच्या मांडीवर एक पिशवी ठेवली होती. तळहाताएवढी, पडद्याच्या उरलेल्या निळसर कापडाची, तोंड बारीक टाक्यांनी शिवून बंद केलेली. आत वाळलेले काहीतरी कुरकुरले. पिशवी असली की कुरकुरायचेच. त्याने पिशवी नाकाशी नेली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, तो क्षणभर आत धरला आणि सोडता सोडता म्हणाला, ‘‘वा! या वर्षी तर कमालच केलीस.’’

‘‘कसली कमाल?’’

‘‘वासाची, दुसरी कसली? संत्र्याची साल ना?’’

आणि मग ते उशिरा आलेले ‘हो’. ती थोडीशी हसली. ‘‘मफलर घ्या, बाहेर गार आहे,’’ असे म्हणून आत गेली, आणि आतल्या खोलीतले शिवणयंत्र सुरू झाले. तो दुसऱ्या बुटाकडे बघत राहिला. काही वर्षांपासून तो बूट घालताना असाच थांबू लागला होता. बूट, जिना, बस, दिवस, पुन्हा बस, पुन्हा जिना, हे सगळे एकदम समोर उभे राही आणि वाकण्याची इच्छाच जाई. आज मात्र थांबण्याचे कारण वेगळे होते. पिशवीला वासच नसेल तर?

हा विचार जिना उतरेपर्यंत शंका होता. बस येईपर्यंत त्याची खात्री झाली. गेला आठवडाभर गच्चीवर संत्र्याची साल वाळत नव्हती. कसलीच साल, पाकळी, पान वाळत नव्हते. त्याने पाहिले होते. वाढदिवसाआधीचा आठवडा त्याला दरवर्षी हेरगिरीत घालवावा लागे. थंडीच्या तोंडाशी येणारा हा दिवस, आणि त्या दिवशी त्या ऋतूतले जे काही सुगंधी मिळेल ते स्वतःच्या हाताने वाळवून, कुटून, शिवून, ओतून त्याला द्यायचे हा तिचा नेम. एका वर्षी वाटीत थिजवलेला साबण होता, त्यात लिंबाची पाने. एका वर्षी कपड्यांच्या कप्प्यात ठेवायच्या चिमुकल्या उश्या, आत पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या. एका वर्षी मेणबत्ती. ती तर त्याने हातात घेताच ‘लवंग!’ असे ओळखले होते, कारण आदल्या दिवशी स्वयंपाकघरातली लवंगांची बाटली रिकामी झालेली त्याला दिसली होती. तो डोळ्यांनी वास घ्यायला शिकला होता. या वर्षी डोळ्यांना काहीच सापडले नाही, तेव्हा त्याने अंदाजाने संत्र्याची साल म्हटले. संत्री या दिवसांत कुठेही मिळतात.

नाक गेलेल्या माणसाला लोक नशीबवान समजतात. गटारावरून जाताना तो चेहरा वाकडा करीत नाही, एवढेच त्यांना दिसते. जग काचेपलीकडे गेल्यासारखे होते हे त्यांना कोण सांगणार? कॉफी म्हणजे गरम कडू पाणी. जेवण म्हणजे खारट, आंबट, तिखट आणि मऊ. स्वतःच्या अंगाची त्याला सतत धास्ती वाटे, म्हणून तो शर्ट एकदाच घालून धुवायला टाकी आणि बायको म्हणे, ‘‘आपण लग्न केलं तेव्हा असे नव्हतात हो तुम्ही.’’ पण ही सगळी किरकोळ नुकसाने झाली. खरे नुकसान असे होते की घरात शिरताना तो आता घरात शिरत नसे, फक्त दार उघडत असे. बायकोच्या मानेशी पूर्वी यंत्राच्या तेलाचा आणि नव्या कोऱ्या कापडाच्या खळीचा मिळून एक वास असे. दिवसभर ती पडदे शिवी आणि संध्याकाळी तो वास अंगावर घेऊनच त्याच्या शेजारी बसे. आता ती तशीच शेजारी बसे, आणि त्याला वाटे, आपण हिच्या छायाचित्राशेजारी बसलो आहोत. छायाचित्र बोलत होते, हसत होते, समोर येऊन तोंडाकडे बघत बघत प्रश्न विचारत होते. पण होते छायाचित्रच. हे कुठल्या तोंडाने सांगायचे?

न सांगण्याची सुरुवात कपटाने झाली नव्हती, थकव्याने झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याला वाईट ताप आला, आणि ताप गेला तेव्हा वासही घेऊन गेला. नाकाची नसच मेली, असे डॉक्टरांनी सांगितले. बायकोचा त्यावर विश्वास बसला नाही. तिने संत्र्याची साल आणि लवंगा यांची एक पुरचुंडी केली, आणि रोज सकाळी ती त्याच्या नाकाशी धरून विचारू लागली, ‘‘येतो का?’’ तो म्हणे, नाही. ती म्हणे, उद्या येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरचुंडी, पुन्हा ते पुढे झुकलेले तोंड, त्यावरची ती आशा. आपले दुःख माणूस कसेबसे उचलतो. पण रोज सकाळी दुसऱ्याची आशा उचलायला जे बळ लागते ते आजारातून उठलेल्या माणसाने कुठून आणावे? वाढदिवसाच्या सकाळी तिने विचारले, ‘‘येतो का?’’ आणि त्याला इतका शीण आला की तो म्हणाला, ‘‘येतो.’’ ती खाली बसली आणि रडली. त्याच्या मांडीवर डोके ठेवून रडली. त्या रडण्यानंतर खरे बोलण्याचा रस्ता बंद झाला. पुढच्या वाढदिवसाला साबण आला. तो हातात घेताना त्याच्या लक्षात आले की ही भेट त्याच्या जन्माची नाही, नाकाच्या पुनर्जन्माची आहे. आणि ज्याचा पुनर्जन्म झालेलाच नाही त्याचा वाढदिवस दरवर्षी साजरा होऊ लागला.

बसमधून उतरताना कोटाच्या खिशातली पिशवी हाताला लागली. पहिल्या दिवशी भेट बरोबर घेऊन जायची आणि घरी येऊन ‘‘सगळे विचारत होते,’’ असे सांगायचे, हा त्याच्या बाजूचा नेम होता. 

कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात तो श्रवणचाचणी घेत असे. मागच्या बाजूला एक ध्वनिबंद खोली होती, भिंतींना जाड फोम, एक खुर्ची, एक काचेची खिडकी. आत बसणाऱ्याच्या कानावर हेडफोन आणि हातात बटण द्यायचे. बाहेर बसून यंत्रावरून एकेक स्वर सोडायचा, बारीक होत जाणारा. ऐकू आला की आतल्याने बटण दाबायचे. काम सोपे, पण माणसे अवघड. ऐकू येत नाही हे कबूल करणे लोकांना इतके जड जाते की ते यंत्राशीसुद्धा खोटे बोलतात. त्यासाठी त्याच्याजवळ एक युक्ती होती. कुठलाही स्वर सोडायचा नाही. फक्त हात यंत्राकडे न्यायचा आणि काचेतून आतल्याकडे बघून भुवई किंचित उचलायची. बटण दाबले गेले की समजायचे. मनातल्या मनात तो त्याला मुका स्वर म्हणे. आणि आज सकाळी बूट घालताना त्याच्या मांडीवर जे येऊन पडले ते दुसरे काय होते? बिनवासाची पिशवी. त्याने डोळे मिटून, छाती भरून बटण दाबले होते.

तिने मला पकडले, तो स्वतःशी म्हणाला. वाढदिवसाचा दिवस धरून पकडले. एवढी वर्षे मी तिच्यासाठी जो श्वास घेतला, त्याची ही किंमत? त्याला राग आला, आणि रागाने थोडे बरेही वाटले, कारण त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट अंगात गरम होती.

दिवसाचा शेवटचा रोगी म्हणून एक निवृत्त चित्रकला शिक्षक आले. बरोबर सून होती. ‘‘बाबांना ऐकू येतं हो सगळं,’’ सून म्हणाली, ‘‘सोयीचं तेवढं.’’

‘‘काय म्हणाली?’’ मास्तरांनी विचारले.

‘‘बघा!’’ सून म्हणाली. ‘‘आणि मघाशी बाहेर कुणीतरी जिलेटिनचा रंगीत कागद फाडला तर लगेच मान वळवली.’’

‘‘रंग दिसला म्हणून वळवली, गं. डोळे शाबूत आहेत माझे.’’

मास्तर आत बसले. पहिल्या काही स्वरांपासूनच ते भराभर बटण दाबू लागले, इतक्या उत्साहाने की त्याला संशय आला. त्याने मुका स्वर दिला. भुवई उचलली. मास्तरांनी हसून बटण दाबले. पुन्हा दिला, पुन्हा दाबले. एरवी तो यावर काही बोलत नसे, शांतपणे चाचणी पहिल्यापासून सुरू करी. आज तो खोलीचे दार उघडून आत गेला, हेडफोन त्यांच्या कानावरून काढला आणि त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, ‘‘मास्तर, मी काही वाजवलंच नव्हतं.’’

‘‘हो का?’’

‘‘मग बटण का दाबलंत? कुणाला फसवताय?’’

मास्तर ओशाळले नाहीत. ‘‘फसवत नाही हो,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही काचेतून एवढ्या आशेनं बघत होतात. म्हटलं वाजलं असेल काहीतरी. घरीही तेच चालतं. सगळे हसले की मी हसतो. नातू काही सांगून तोंडाकडे बघतो, मी ‘शाब्बास’ म्हणतो. एकदा तो म्हणाला होता की मी नापास झालो.’’ दारात उभी असलेली सून हसली, आणि मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. ते तिला नवीन असावे. ‘‘दमायला होतं पण,’’ मास्तर म्हणाले. ‘‘संध्याकाळपर्यंत चेहरा दुखतो.’’

त्याने चाचणी पुन्हा घेतली. या वेळी मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते आणि बटण क्वचितच दाबले जात होते. आलेख डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला तेव्हा डॉक्टर निघायच्या तयारीत होते. ‘‘वाढदिवस ना आज? या वर्षी कशाचा वास?’’ त्यांनी विचारले. हे गुपित ठाऊक असलेले तेच एकटे. 

‘‘संत्र्याची साल.’’

‘‘घरी अजून सांगितलं नाहीत म्हणजे. अहो, नाक गेलंय तुमचं, तोंड शाबूत आहे ना?’’

‘‘शाबूत आहे म्हणूनच अडचण आहे,’’ तो म्हणाला. डॉक्टर हसत जिना उतरून गेले.

यंत्र बंद करून, त्यावर कापड घालून त्याने घरी निघायला हवे होते. पण घरी जाऊन काय बोलायचे? ‘तू माझी परीक्षा घेतलीस’ असे म्हटले तर परीक्षेत आपण नापास झालो हेही म्हणावे लागणार. न म्हणावे तर उद्यापासून दोघांनीही जाणून-बुजून नाटक करायचे. पहिल्याला जी हिंमत लागते ती त्याच्यापाशी नव्हती आणि दुसऱ्याला जी ताकद लागते ती संपली होती. तो ध्वनिबंद खोलीत गेला, दार ओढून घेतले आणि रोग्याच्या खुर्चीत बसला. या खोलीत कुणी काही विचारत नसे. इथे शांतता इतकी दाट होती की थोड्या वेळाने स्वतःच्या रक्ताची सळसळ ऐकू येई. त्याने खिशातून पिशवी काढली. नाकाशी नेण्यासाठी नव्हे, नुसतीच, हाताला चाळा म्हणून. बोटे आवळली गेली.

आणि आवाज झाला. कोरडा, बारीक, चुळबुळता. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत सांडत गेलेला. त्याने पुन्हा बोटे आवळली. पाकळ्या असा आवाज करीत नाहीत. साल तर नाहीच. त्याने कापडावरून चाचपून पाहिले. आत चपट्या, लांबट शेंगा होत्या, कागदासारख्या पातळ, आणि प्रत्येकीच्या पोटात मोकळ्या झालेल्या बिया. आवाज करावा म्हणूनच त्या इतक्या सैल भरल्या होत्या. वासासाठी भरायची पिशवी ती गच्च भरी. सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाच्या धारेत आणि स्वतःच्या श्वासाच्या फुसकाऱ्यात त्याने हे नीट ऐकलेच नव्हते.

शाळेच्या कुंपणालगतचे ते झाड. लग्न नवे होते, नोकरीही नवी होती, आणि नव्या नोकरीतले ज्ञान बायकोला सांगण्याची हौस त्याहून नवी. थंडी सुरू होताना त्या झाडाची पाने झडत आणि वाळलेल्या शेंगा तेवढ्या राहत. वारा आला की सबंध झाड खुळखुळे. एका संध्याकाळी त्याने तिचा हात धरून तिला त्या झाडाखाली थांबवले आणि म्हणाला, ‘ऐक.’ ती म्हणाली, शेंगा वाजताहेत, त्यात ऐकायचं काय? तेव्हा त्याने मोठ्या ऐटीत सांगितले होते की माणसाच्या कानातून सगळ्यात आधी जातात ते हे आवाज, असे बारीक, कोरडे, उंच. माणसाला कळतही नाही आणि एक दिवस झाड मुके होते. ‘म्हणजे आपण म्हातारे झालो की हे झाड वाजणार नाही?’ तिने विचारले होते. ‘वाजेल,’ तो म्हणाला होता, ‘पण आपल्यासाठी नाही.’ मग ते बराच वेळ तिथे उभे राहिले होते, साठा करून ठेवावा तसे ऐकत. हे तो पार विसरला होता. ती विसरली नव्हती. ती त्या कुंपणाशी गेली असणार, शेंगा वेचल्या असणार, तुटलेल्या वेगळ्या काढून अखंड तेवढ्या घेतल्या असणार.

मुका स्वर नव्हताच तो. नाक नसलेल्या माणसासाठी, त्याचे नाक नाही हे जाणून, त्याच्या शाबूत कानासाठी केलेली ती भेट होती. एवढ्या वर्षांत प्रथमच भेट त्याच्या खऱ्या पत्त्यावर आली होती, आणि ती घेऊन त्याने काय केले? नाकाशी धरून ‘वा’ म्हटले. तिचे ‘हो’ उशिरा का आले ते आता कळले. तेवढ्या वेळात तिने आपली भेट परत घेतली होती.

घरी पोचला तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. बायको आतल्या खोलीत यंत्रावर वाकली होती, कुणाच्या तरी दिवाणखान्याचा लांबलचक पडदा तिच्या पायाशी लोळत होता. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, ‘‘आलात? दूध ठेवलंय, लागत नाही ना तेवढं बघा.’’

तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बूटसुद्धा काढले नव्हते. इतकी वर्षे जपून ठेवलेले वाक्य तोंडातून बाहेर पडले तेव्हा अगदी साधे निघाले. ‘‘मला वास येत नाही,’’ तो म्हणाला.

यंत्र चालूच होते. ‘‘काय म्हणालात?’’

‘‘मला वास येत नाही!’’ त्याला ओरडावे लागले. कबुली अशी ओरडून द्यावी लागेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

यंत्र थांबले. तिने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिले, सावकाश चष्मा काढला. ‘‘मग बघा,’’ ती म्हणाली. ‘‘डोळे आहेत ना?’’

त्याने आत जाऊन पाहिले. दूध तळाशी धरले होते, कडेने तपकिरी होत चालले होते. त्याने गॅस बंद केला. परत येऊन तो पडद्याची घडी बाजूला सारून जमिनीवर बसला.

‘‘कधी कळलं?’’

‘‘गेल्या वर्षीच्या पिशवीला बुरशी आली होती,’’ ती म्हणाली. ‘‘पाकळ्या ओल्या राहिल्या होत्या माझ्याकडून. अख्खी खोली घाणेरडी झाली होती हो, मला झोप येईना. आणि तुम्ही ती उशाशी घेऊन झोपत होतात. आणि सकाळी उठल्यावर हुंगतही होतात.’’ तिला हसू फुटले, तोंडावर हात ठेवूनही थांबेना. आणि मग त्यालाही.

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलायचं? विचारून विचारून मीच तुम्हाला ‘येतो’ म्हणायला लावलं होतं. पुन्हा विचारायचं धाडस नाही झालं.’’

‘‘आणि आज सकाळी? ‘हो’ का म्हणालीस?’’

‘‘वाढदिवसाला माणसाला ‘चूक’ कुठे म्हणायचं?’’ ती पडद्याचा दोरा दातांनी तोडत म्हणाली. ‘‘म्हटलं, राहू दे. पुढच्या वर्षी घंटा देईन.’’

तिच्या मानेवर दिव्याचा उजेड पडला होता. तिथे खळीचा आणि तेलाचा वास असणार; आहेच, एवढे त्याने मनाशी पक्के केले. त्याने खिशातून पिशवी काढली, गुडघ्यांवर उठून तिच्या कानाजवळ धरली, तिच्या केसांना कापड टेकेल इतकी जवळ. ‘‘शाळेजवळचं झाड ना?’’ तो म्हणाला. ‘‘ऐक.’’

तिने डोळे मिटले. मान किंचित तिरकी केली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरले, तिथल्या प्रत्येक सुरकुतीला ते जणू पाठ होते.

‘‘वा,’’ ती म्हणाली. ‘‘अगदी तसाच.’’

त्याची बोटे अजून हललीच नव्हती.

यंत्राचा तो दिवसभराचा खडखडाट, तिची दोनदा विचारायची सवय, समोर येऊन तोंडाकडे बघत बोलणे, हे सगळे त्याच्या मनातून सरकत गेले. इतकी वर्षे तो त्या तोंडाकडे बघण्याला प्रेम समजत आला होता, आणि ते प्रेमही होतेच. तिचे डोळे मिटलेलेच होते. त्याचा हात अवघडला होता, खांदा दुखू लागला होता. त्याने बोटे आवळली. पिशवी वाजली; आणि ती उघड्या तोंडाने, मान तिरकी करून, जे आधीच ऐकून झाले होते ते ऐकत असताना तो ती वाजवत राहिला.